गादीवरच्या माणसाचे वल्हे : घरातील रोइंग मशीनची खरेदी, वापर आणि निगा

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. सकाळी दहाला गादीवर मांडी घातली की दुपारच्या जेवणाला काय ते उठणे. ताके दाखवायला नोकर आहे, गठ्ठे उचलायला हमाल आहे, उधारी मागायला फोन आहे. चहा मात्र आपला आपणच प्यावा लागतो, आणि तो दिवसातून आठ वेळा. आम्ही मालेगावात तीस वर्षे असेच बसलो. वयाच्या पन्नाशीत साखर निघाली. त्याच वर्षी आमच्या थोरल्या बंधूंना गादीवर बसल्या बसल्याच छातीत कळ आली. ते वाचले, पण दोन महिने पेढी आमच्या एकट्याच्या अंगावर पडली. तेव्हा हिशेब लक्षात आला. दुकानाचा विमा आहे, मालाचा विमा आहे, पण ज्या शरीराच्या जोरावर हे सर्व उभे आहे, त्याची देखभाल शून्य.

डॉक्टरांनी चालायला सांगितले. चाललो, पण पावसाळ्यात रस्ता नाही, उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन, आणि रस्त्यात दर पन्नास पावलांवर कोणीतरी गिऱ्हाईक भेटून भाव विचारणार! शेवटी घरातच काहीतरी करावे म्हणून वल्ह्याचे यंत्र, ज्याला रोइंग मशीन म्हणतात, ते आणले. आज त्याला सहा वर्षे झाली. या सहा वर्षांत आम्ही काय चुका केल्या आणि काय शिकलो, ते येथे देत आहोत. ज्यांना यंत्र घ्यायचे आहे त्यांना ते उपयोगी पडावे, आणि ज्यांनी घेऊन त्यावर टॉवेल वाळत घातले आहेत, त्यांनी ते टॉवेल आज उतरवावेत, एवढाच हेतू.

हे यंत्र आले कोठून?

जमिनीवर बसून वल्हे मारण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा सेनापती काब्रियास याने नवशिक्या खलाशांना किनाऱ्यावर लाकडी चौकटींत बसवून वल्हवायला शिकवले, असे जुन्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवले आहे. समुद्रावर नेण्याआधी हात एका तालात यावेत, हा उद्देश. आज घरोघरी दिसणारे पंख्याचे यंत्र मात्र अलीकडचे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगेकर या दोन भावांनी १९७६ साली शर्यतीची वल्ही बनवण्याचा धंदा सुरू केला. तेथे हिवाळ्यात नद्या गोठतात, मग सराव कोठे करायचा? १९८१ साली त्यांनी सायकलच्या चाकाला पाती लावून पहिले यंत्र बाजारात आणले. कन्सेप्ट टू या नावाची त्यांची यंत्रे आज जगभर वापरात आहेत. दोन भाऊ, एक छोटा कारखाना आणि हाताशी असलेले सायकलचे सामान, यातून हे काम उभे राहिले, ही गोष्ट आमच्या कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या भागाशीही या खेळाचा संबंध आहे. मालेगावला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे पाण्याची टंचाई सोसणारे गाव. तेथे वाढलेला दत्तू भोकनळ लष्करात भरती झाला, पुण्यात त्याने वल्हे हाती धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तो तेरावा आला. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्याने सुवर्णपदक मिळवले. या खेळाडूंचा जमिनीवरचा सराव अशाच यंत्रावर चालतो. ज्या गावात पाण्याची वानवा, तेथील मुलगा वल्हवण्यात नाव काढतो, तर पाण्याविना वल्हे मारण्यात आपल्याला काय हरकत आहे?

चार जातींची यंत्रे

बाजारात गेल्यावर चार प्रकार दिसतात. ग्रे कापड आणि प्रोसेस केलेले कापड यांत फरक न कळणारा माणूस जसा फसतो, तसा यातही फसतो. म्हणून आधी जात ओळखावी.

पहिला प्रकार दट्ट्याचा, म्हणजे हायड्रॉलिक. यात स्कूटरच्या शॉकअप्‌सारखी तेलाची नळकांडी असते. यंत्र लहान, पलंगाखाली मावते, किंमत सर्वांत कमी. पण सतत ओढल्यावर नळकांडी तापते, तेल पातळ होते आणि जोर कमी लागू लागतो. काही वर्षांनी तेल झिरपते. आमचे पहिले यंत्र हेच होते. विकणाऱ्याने ‘कंपनीची गॅरंटी’ सांगितली, तीन महिन्यांत गालिच्यावर तेलाचा डाग पडला आणि गॅरंटीचा कागद दाखवायला गेलो तर दुकानदाराने कानावर हात ठेवले. दोष आमचाही होता. आम्ही भाव पाहिला, माल पाहिला नाही.

दुसरा प्रकार चुंबकाचा. लोखंडी चाकाजवळ चुंबक सरकवून जोर कमी-जास्त करता येतो. आवाज जवळजवळ नाही. सकाळी घरचे झोपलेले असताना वापरायला सोयीचे. पण तुम्ही हळू ओढा की जोरात, यंत्राचा विरोध साधारण तेवढाच राहतो.

तिसरा प्रकार पाण्याचा. टाकीत पाणी आणि त्यात पाती. आवाज खऱ्या नदीसारखा, बहुतेक लाकडी बांधणी, दिसायला फार सुंदर. ओढ जितकी जोराची, तितके पाणी जड लागते. मात्र टाकीतल्या पाण्यात शेवाळ येऊ नये म्हणून ठरावीक महिन्यांनी पाणी शुद्ध करणारी गोळी टाकावी लागते आणि टाकीवर थेट ऊन पडू द्यायचे नाही. पाणी हिरवे दिसू लागले की समजावे, आपली गफलत झाली.

चौथा प्रकार हवेचा, म्हणजे पंख्याचा. यातही जितके जोराने ओढाल तितकी हवा अडवते. आवाज होतो, जागा लागते, किंमत जास्त. पण बांधणी मजबूत, सुटे भाग मिळतात आणि खेळाडू हेच वापरतात. याला विजेची गरज नाही, फक्त मीटरला सेल लागतात. ज्या गावात लाइट जाण्याचे वेळापत्रक तोंडपाठ आहे, तेथे ही गोष्ट लहान नाही. आमचे दुसरे यंत्र हेच. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः याच जातीला लागू आहे.

घेण्यापूर्वी फूटपट्टी काढा

पंख्याचे यंत्र सुमारे आठ फूट लांब असते. वापरताना नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद जागा मोकळी असावी. चांगल्या यंत्राचे दोन तुकडे हत्याराविना सुटे होतात आणि कोपऱ्यात उभे राहतात. तरीही आमचा सल्ला असा की, रोज जोडण्या-सोडण्याची पाळी येणार असेल तर घेऊच नका. चार दिवस जोडाल, पाचव्या दिवशी कंटाळा कराल. जागा कायमची मिळत असेल तरच घ्या.

बैठकीची उंचीही पाहावी. नेहमीच्या यंत्राचे आसन जमिनीपासून सुमारे चौदा इंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढ्या खालून उठणे जड जाते. वीस इंच उंचीचेही यंत्र मिळते. वडिलधाऱ्यांसाठी घेत असाल तर ते पाहा.

जुने घेण्यात कमीपणा मानू नये. बंद पडलेल्या व्यायामशाळांतून आणि हौस फिटलेल्या घरांतून बरी यंत्रे निघतात. पण जुना माग घेताना जशी तपासणी करतो तशीच येथे करावी. साखळी पूर्ण बाहेर ओढून पाहावी, तिचा एखादा दुवा अडकतो का, गंजला आहे का. दांडा सोडल्यावर तो आपणहून परत जातो की मध्येच थबकतो, ते पाहावे. आसन रुळावर पुढे-मागे सरकवून कानाने ऐकावे. खडखड आली तर चाके झिजली आहेत. मीटर सुरू करून पाहावे आणि सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा गंज नाही ना, हे झाकण उघडून बघावे. यांतले बहुतेक भाग बदलता येतात, पण त्याचा खर्च भावातून वजा झाला पाहिजे.

बसण्याची रीत

लोकांचा समज असा की, हे हाताचे यंत्र आहे. हा समजच चुकीचा. हे पायांचे यंत्र आहे. हात केवळ दोरीसारखे. जमालच्या बाजूला उभा राहून हातगाडी ढकलणारा हमाल पाहा, तो हाताने ढकलत नाही, पाय रोवून ढकलतो. तेच येथे.

प्रथम पाय पाट्यांवर ठेवून पट्टा बांधावा. पट्टा पावलाच्या सर्वांत रुंद भागावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी यावा. घोट्याजवळ बांधला तर टाच उचलता येत नाही. दांडा मुठीत आवळू नये. बोटांचा आकडा करून त्यात अडकवावा. आवळणाऱ्याच्या तळहाताला पहिल्या आठवड्यात फोड येतात, आमच्या आले होते.

एक ओढ चार भागांत होते.

पहिला भाग, सुरुवात. गुडघे वाकलेले, नडग्या साधारण उभ्या, हात सरळ, कंबरेतून अंग किंचित पुढे. पाठ मात्र सरळ. खांदे सैल.

दुसरा भाग, जोर. आधी फक्त पाय ढकलावेत. पाय जवळजवळ सरळ झाले की अंग कंबरेतून मागे न्यावे. सर्वांत शेवटी हात ओढावेत. घड्याळाच्या काट्याची खूण लक्षात ठेवा. तुमच्या उजव्या बाजूला बसून पाहणाऱ्याला तुमचे अंग सुरुवातीला एक वाजल्यासारखे पुढे आणि शेवटी अकरा वाजल्यासारखे मागे कललेले दिसावे. त्याहून जास्त नाही.

तिसरा भाग, शेवट. दांडा छातीच्या खाली, बरगड्यांपाशी येतो. मनगट सरळ, कोपर अंगाजवळ.

चौथा भाग, परत जाणे. येथे क्रम उलटा. आधी हात सरळ, मग अंग पुढे, आणि दांडा गुडघ्यांच्या पुढे गेल्यावरच गुडघे वाकवायचे. गुडघे आधी उचलले तर दांडा त्यांच्यावरून उडी मारून न्यावा लागतो आणि साखळी वरखाली नाचते. साखळी सरळ रेषेत जात-येत असेल तर समजावे, रीत बरोबर आहे.

पाय, अंग, हात. हात, अंग, पाय. आम्ही हे सहा शब्द कागदावर लिहून यंत्रासमोरच्या भिंतीवर चिकटवले. आणखी एक नियम. ओढायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ परत जायला लावावा. घाई परत जाताना होते आणि धाप तेथेच लागते. धोटा ज्या तालात जातो त्याच तालात येतो. वल्ह्याचा ताल तसा नाही. जाणे जोरात, येणे सबुरीने.

कंबर सांभाळा

आमची मोठी चूक येथे झाली. आम्ही पायांच्या आधी पाठच मागे टाकत होतो. आसन पुढच्या पुढे राही आणि सारा भार कंबरेवर येई. त्यात यंत्राच्या पंख्याला एक झडप असते, तिच्यावर १ ते १० आकडे असतात. आम्ही ‘दहावर म्हणजे मर्दाचा व्यायाम’ असे समजून ती दहावर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली आणि पाच दिवस पेढीवर उशी लावून बसावे लागले.

नंतर कळले की झडपेचा आकडा म्हणजे व्यायामाचे माप नव्हे. ते सायकलच्या गिअरसारखे आहे. दहावर ओढ जड आणि संथ लागते, एकवर हलकी आणि चपळ. मेहनत किती झाली ते तुम्ही किती जोर लावता यावर ठरते. यंत्र बनवणारेच बहुतेकांना ३ ते ५ च्या मध्ये ठेवायला सांगतात. आम्ही आता चारवर ठेवतो.

शिंपी, जरीकाम आणि भरतकाम करणारे बंधू दिवसभर पाठ वाकवून बसतात. त्यांनी विशेष लक्ष द्यावे. आधीच वाकलेली पाठ यंत्रावरही वाकवून ओढली तर फायद्याऐवजी नुकसान. मणक्याचा जुना विकार, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. साखरेसाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. केव्हा आणि किती करावे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि गूळ किंवा ग्लुकोज जवळ ठेवावे. छातीत दाब, चक्कर किंवा डाव्या हाताला मुंग्या आल्या तर दांडा सोडून उठावे आणि दवाखाना गाठावा. ओढताना श्वास रोखू नये. जोर लावताना सोडावा, परतताना घ्यावा.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम मेहनतीचा व्यायाम सुचवला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पण पहिल्या दिवशी अर्धा तास करू नये. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात दहा. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत दोन महिन्यांत अर्ध्या तासावर यावे. मिनिटाला वीस ते चोवीस ओढी पुरेत. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतकीच धाप लागावी.

आम्ही फजरनंतर बसतो. दुकानाचा फोन तेव्हा वाजत नाही. जेवणानंतर दोन तास तरी बसू नये.

माग चालवणारा बुनकर दिवसभर उभा असतो, शेकडो फेऱ्या मारतो. त्याला विश्रांतीची गरज जास्त. हे यंत्र प्रथम आमच्यासारख्या बसणाऱ्यांसाठी आहे : पेढीवाले, मेहता, दुकानदार. आणि घरातील स्त्रियांसाठीही. आमच्या घरी दुपारचा एक तास त्यांचा असतो आणि खरे सांगायचे तर त्यांची रीत आमच्याहून साफ आहे.

निगा : तेल, रूळ आणि पंखा

कारखान्यात मागाला तेल दिले नाही तर जॉबरला आपण बोल लावतो. घरच्या यंत्राचा जॉबर आपणच.

रोज : वापर झाला की आसनाखालचा रूळ कोरड्या सुती कापडाने पुसावा. त्यावर काळी रेघ दिसते, ती चाकांखाली दबलेली धूळ आणि घाम. ती साचली की आसन ठेचकाळू लागते. आसनाची चाकेही अधूनमधून पुसावीत. घासण्यासाठी लोखंडी काथ्या कधी वापरू नये. दांडा पुसावा आणि तो पंख्याजवळच्या टोकाला नेऊन ठेवावा. अर्ध्यावरच्या आकड्यात अडकवून ठेवला तर साखळी परत खेचणारी रबरी दोरी ताणलेलीच राहते आणि लवकर सैल पडते.

दर ५० तासांनी : साखळीला तेल. पातळ, स्वच्छ मिनरल ऑइल किंवा शिलाई मशीनचे थ्री-इन-वन तेल चालते. एक चहाचा चमचा तेल कापडाच्या तुकड्यावर घेऊन साखळी पूर्ण ओढून त्यातून फिरवावी आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे. गंज काढण्याचा फवारा किंवा रॉकेल मारू नये, ते तेल धुऊन काढते.

दर २५० तासांनी : सर्व स्क्रू घट्ट करावेत. दांडा आणि साखळी जेथे जोडली आहे तेथे झीज पाहावी. रबरी दोरी सैल झाली असेल तर तिची गाठ ओढून घ्यावी. पंख्याच्या जाळीतून बॅटरी मारून आत धूळ साचली का बघावे.

तासांचा हिशेब सोपा आहे. एकटा माणूस रोज अर्धा तास बसत असेल तर ५० तास शंभर दिवसांत होतात. घरात चौघे बसत असतील तर पंचवीस दिवसांत. आम्ही शुक्रवार ठरवला आहे. माग बंद, पेढी बंद, त्या दिवशी हातात कापड घ्यायचे.

हलका झालेला गज

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

घरात जागा कमी म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही यंत्र मालाच्या गोदामात हलवले. तेथे ताके उलगडले जातात, घड्या पडतात, हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. साखळी करकरू लागली, तेव्हा आम्ही कारखान्यातून मागाचे घट्ट वंगण आणून तिला चोपडले. मागाला चालते ते याला का चालू नये, असा आमचा हिशेब. साखळीचा आवाज बंद झाला. आणि हळूहळू यंत्र हलके लागू लागले. दोन-तीन महिन्यांत इतके हलके की आम्ही अर्धा तास सहज काढू लागलो. घरी सांगितले, मित्रांना सांगितले की ताकद वाढली, वय दहा वर्षांनी मागे गेले.

आमचा धाकटा मुलगा एकदा शेजारी उभा राहून मीटर पाहू लागला. त्याने विचारले, ‘अब्बा, हलके लागते म्हणता, मग मीटर का कमी झाले?’ आम्ही अर्ध्या तासाचे मीटर रोज वहीत लिहीत होतो, पण वही उलटून पाहत नव्हतो. पाहिली तर खरेच. पूर्वीपेक्षा अंतर घटलेले.

कारण असे. हे मीटर दर ओढीनंतर चाक किती वेगाने मंदावते ते मोजते आणि त्यावरून हवेचा विरोध किती ते ठरवते. त्या आकड्याला ड्रॅग फॅक्टर म्हणतात, तो मीटरवर पाहता येतो. नवे असताना झडप चारवर ठेवून तो १२० च्या आसपास होता. आता त्याच चारवर ९० निघाला. मुलाने जाळी उघडली. आत कापसाचा थर बसला होता, एखाद्या पातळ रजईसारखा. पंख्याला हवाच मिळत नव्हती, म्हणून विरोध नव्हता, म्हणून हलके लागत होते. आम्ही अंगातला जोर कमी लावत होतो आणि त्याला ताकद समजत होतो. साखळीवरच्या घट्ट वंगणात तंतू चिकटून त्याचा काळा लगदा झाला होता, तो वेगळाच. दुवे झिजले आणि शेवटी साखळी बदलावी लागली.

आम्ही आयुष्यभर गजाने कापड मोजले. गज आखूड असेल तर ताका लांब भरतो, पण त्याने कापड वाढत नाही. येथे तर मीटर खरे बोलत होते, खोटा होता तो आमचा अंदाज. यंत्राने रोज हिशेब लिहून दिला आणि आम्ही खतावणी न पाहता नफा वाटून घेतला. त्या सहामाहीच्या तपासणीत आमची साखरही पुन्हा वाढलेली निघाली होती, आणि आम्ही डॉक्टरांशी वाद घातला होता की व्यायाम तर वाढला आहे!

त्या दिवसापासून तीन गोष्टी केल्या. यंत्र गोदामातून घरी आणले, त्यासाठी एक जुने कपाट विकले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ड्रॅग फॅक्टर पाहून वहीत लिहितो. तो उतरला की पंखा साफ. आणि ‘कसे वाटते’ यावर न जाता ‘किती झाले’ ते पाहतो. पुढच्या सहामाहीत साखर खाली आली. सगळे श्रेय यंत्राचे नाही, चहाचे कपही आठावरून तीनवर आले आहेत.

शेवटी हिशेब

हा व्यापाराचा रकाना आहे, तेव्हा पैशाचे बोलले पाहिजे. चांगले पंख्याचे यंत्र नवे घेतले तर लाखाच्या पुढे जाते. धरून चला १,२०,००० रुपये. कोणी एकट्याने घेतले, महिनाभर रोज अर्धा तास वापरले आणि सोडून दिले तर पंधरा तासांचा व्यायाम ताशी ८,००० रुपयांना पडला. तेच चार घरांनी मिळून घेतले, तर प्रत्येकी ३०,००० रुपये. प्रत्येक घरातील एक माणूस वर्षातले ३०० दिवस अर्धा तास बसला तर वर्षाला १५० तास, दहा वर्षांत १,५०० तास. ताशी २० रुपये. तेल आणि सुटे भाग धरून थोडे जास्त. ज्याची निगा राखली ते यंत्र दहा वर्षे सहज चालते.

आमची सूचना आहे की, एका गल्लीतील चार-पाच दुकानदारांनी मिळून एक यंत्र घ्यावे, एक खोली ठरवावी, वेळा वाटून घ्याव्यात आणि एक वही ठेवावी. वहीत तीन रकाने : तारीख, मिनिटे, मीटर. आणि शेवटच्या पानावर चौथा, तेल केव्हा दिले त्याचा. भागीदारीत डोळा चुकवणे कठीण जाते. जो येत नाही त्याच्या नावापुढची रिकामी जागा सर्वांना दिसते.

आमचे बंधू आता डॉक्टरांच्या परवानगीने रोज दहा मिनिटे बसतात. झडप दोनवर, गती मंद. पहिल्या दिवशी ते भीत भीत बसले होते. उठल्यावर काही बोलले नाहीत, कापड मागून घेतले आणि रूळ पुसायला लागले.